भारीतलं दाखवा

आमच्या घरात हापूस आंबा अक्षयतृतीया उलटेपर्यंत आंबट असायचा. मंडईत पहिल्या पेट्या लागायच्या, त्यांचा वास थेट भाजीच्या गाळ्यांपर्यंत यायचा, आणि आई पिशवी सावरत त्यांच्या समोरून सरळ निघून जायची. मी रेंगाळले की म्हणायची, "अजून गोडी उतरली नाही त्यांच्यात." मग मे महिना बराच सरला, भाव खाली आले, की एके दिवशी तेच आंबे गोड व्हायचे आणि घरात दोन डझन यायचे. "परवडत नाही" हे शब्द मी लहानपणी घरात कधी ऐकले नाहीत. ते मी प्रथम ऐकले माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईकडून, आणि त्यांच्या दारात तेव्हा मोटार उभी होती. आई म्हणायची, ज्यांना परवडतं त्यांनाच ते वाक्य मोकळेपणी बोलता येतं. बाकीचे रंगाला नावं ठेवतात.

इरा आणि निहार, तुम्ही दोघं फोनवर बोलता तेव्हा कुठल्याही महाग वस्तूला एकच शब्द वापरता, एक्स्पेन्सिव्ह. इंग्रजीत शब्द कमी आहेत असं नाही. ती भाषा मी नीट शिकले आहे. पण तुम्हाला दुसऱ्या शब्दाची गरज पडत नाही, हे मला जाणवतं. आम्हाला पडायची. 'महाग' हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडावर म्हणायचा, म्हणजे तो चार आणे उतरवील. तोच शब्द कापडाच्या दुकानात म्हटला तर आपली शोभा. 'महागडं' हे दुसऱ्याने घेतलेल्या वस्तूला, आणि तेही तो गेल्यावर. 'उंची' हे अत्तराला आणि आपण कधी न पाहिलेल्या गालिच्याला. वस्तू 'किमती' होते ती हरवल्यावर. आणि 'भारी' हा शब्द कापडाचा. तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा शब्द होता. त्याच शब्दापायी अण्णांनी तीस वर्षांची नोकरी सोडली. तुमच्या आईने मला दोनदा विचारलं होतं की तिच्या आजोबांनी दुकान का सोडलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, त्यांचे गुडघे दुखायचे. गुडघे दुखायचे हे खरंच आहे.

आम्ही कसबा पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. जवळच तांबटांची घरं होती. सकाळी आठ वाजले की तांब्याच्या हंड्यांवर ठोके सुरू व्हायचे, आणि आमचं सगळं बोलणं त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत व्हायचं. अण्णा तर कमीच बोलायचे. साडेनऊला ते धोतर सोडून पांढरी विजार आणि पांढरा शर्ट घालायचे, दोन भाकऱ्या, लसणाची चटणी आणि एक कांदा घेऊन लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात जायचे. तिथे वरच्या मजल्यावर पांढऱ्याशुभ्र गादीवर त्यांची बैठक. लग्नाच्या साड्या दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. घरी आमच्याशी न बोलणारा हा माणूस तिथे साडी उलगडताना असं काही बोलायचा की बायका ऐकत बसायच्या. त्यांच्या तोंडून 'स्वस्त' हा शब्द कधी गेला नाही. स्वस्त साडीला ते म्हणायचे, "ही वापराल तितकी खुलेल." महाग साडीला महाग म्हणत नसत, ती नुसती मांडीवर घ्यायचे आणि गप्प बसायचे.

मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं त्याचं कारणही ती गादीच. इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा लवकर येतो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले तेव्हा शहरात नवं वारं शिरत होतं. टीव्हीवर बाहेरच्या देशांतले कार्यक्रम दिसू लागले होते, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या गल्लीबोळांत लागल्या होत्या, आणि आमच्या दुकानाचे जुने मालक आजारी पडून त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला होता. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने काचेची दारं बसवली, वरच्या मजल्यावर गार हवेचं यंत्र आणलं, आणि ठरवलं की यापुढे दुकानात एकच भाव, घासाघीस नाही. प्रत्येक साडीला चिठ्ठी लागेल आणि चिठ्ठीवर भाव आणि इंग्रजीत प्रत लिहिलेली असेल. अण्णांच्या मुलीचं अक्षर चांगलं आहे, इंग्रजी झालेलं आहे, असं त्याला कोणीतरी सांगितलं. माझी पहिली नोकरी ती.

मी किती आनंदाने ते काम केलं हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या आनंदातून घडलं. शब्द मीच सुचवले. उत्तम साडीला प्रीमियम, मधलीला सिलेक्ट, खालच्या प्रतीला इकॉनॉमी. तीन रंगांचे पुठ्ठे आणले, सारख्या आकारात कापले, काळ्या शाईने लिहिले, आणि दोऱ्याने एकेक चिठ्ठी पदराच्या आतल्या टोकाला बांधली. सगळा वरचा मजला मी अकरा दिवसांत ओळीने लावला. आजही माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लावते आणि तुम्ही हसता. हसा. पण तेव्हा मला वाटलं होतं की त्या दुकानात माझ्याआधी नुसता गोंधळ होता.

तो गोंधळ नव्हता. मला समजलं नव्हतं ते असं. लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत व्हायची. तिला बस्ता म्हणतात. मुलीकडचे आणि मुलाकडचे त्या गादीवर समोरासमोर बसायचे. मुलाच्या आईची मानाची साडी मुलीच्या बापाने घ्यायची, तीही तिच्या डोळ्यांदेखत. खिशात किती आहे हे बापाला तिथे बोलता येत नाही आणि हात आखडताही घेता येत नाही. म्हणून बस्त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी दुकान रिकामं असताना, मुलीचा बाप एकटा यायचा आणि अण्णांकडे पाणी मागायचा. पाणी प्यायल्यावर हळू आवाजात आपली ऐपत सांगायचा. अण्णा ऐकून घ्यायचे आणि त्याला दोन वाक्यं शिकवायचे. पहिली साडी समोर आली की म्हणायचं, ही हलकी वाटते. मग म्हणायचं, भारीतलं दाखवा. पहिली साडी अण्णा अशी काढायचे की ती असायची फार मोलाची, पण दिसायला साधी, बारीक सुताची, बिनजरीची, जाणत्यालाच कळावी. दुसरी जरीने भरलेली, झगझगीत, आणि बापाच्या ऐपतीतली. मोलाची साडी हलकी म्हणून नाकारली जायची, बेताची साडी भारी म्हणून उचलली जायची, आणि मुलाची आई समाधानाने घरी जायची. अण्णांनी तीस वर्षं हे केलं आणि घरी एका शब्दाने सांगितलं नाही.

खडकीच्या कारखान्यातले जगताप आले ती दुपार मला आठवते. मूळचे लोणी काळभोरचे, खडकीला क्वार्टर्समध्ये राहणारे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी पाणी मागितलं. मी कोपऱ्यात चिठ्ठ्या बांधत होते. त्यांचा आवाज तुटक तुटक ऐकू आला: मुलगा कॉम्प्युटरचा इंजिनिअर हाय, सहा महिन्यांत अमेरिकेला जायचाय, पोरीचं नशीब हाय, पण त्याची आई लई बारीक बघते. "ह्यात बसवा, अण्णा," ते म्हणाले, "लग्न हातचं जाऊ नये." ते गेल्यावर अण्णांनी दोन साड्या काढल्या, स्वतःच्या बैठकीमागे ठेवल्या आणि वर चादर टाकली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. संध्याकाळी दुकान आवरताना मला चादरीखाली बिनचिठ्ठीच्या दोन साड्या सापडल्या. अण्णांचं वय झालं, विसरले, असं मनात आलं. मी वहीत त्यांच्या प्रती आणि भाव पाहिले, चिठ्ठ्या लिहिल्या, बांधल्या, आणि चादर होती तशी घातली. सगळा मजला पूर्ण झाल्याचं समाधान घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बस्त्याला एकंदर नऊ माणसं होती. जगताप, त्यांची बायको, मुलगी वंदना, एक मामा, समोर मुलाकडचे. मुलाची आई कदमबाई मधोमध बसल्या होत्या. शाळेत शिक्षिका होत्या, चष्मा साखळीला लावलेला. अण्णांनी पहिली साडी मांडीवर घेतली आणि अर्धीच उलगडली. जगतापांनी शिकवल्याप्रमाणे मान हलवली आणि ती हलकी वाटते म्हणाले. मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "विहीणबाईंची साडी आहे, भारीतलं दाखवा." अण्णांनी दुसरी साडी हवेत फेकली तशी ती सगळ्या गादीवर पसरली, जर चमकली, मामांच्या तोंडून वा निघालं, आणि पदर जाऊन कदमबाईंच्या गुडघ्याशी पडला. पदराच्या टोकाला माझी हिरवी चिठ्ठी होती.

कदमबाईंनी चष्मा लावला. "इकॉनॉमी," त्यांनी वाचलं. मग हात लांब करून पहिल्या साडीचा पदर ओढला आणि तिच्यावरचीही चिठ्ठी वाचली. आवाज जराही चढला नाही.

"जगताप, आमच्या शाळेत इकॉनॉमी म्हणजे काटकसर. आणि जी तुम्ही हलकी म्हणालात तिच्यावर प्रीमियम लिहिलंय. तुमच्या लोणीला हलकं-भारी उलटं धरतात की काय?"

कोणी हसलं नाही. जगतापांचा हात साडीवर होता तो त्यांनी उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून मांडीखाली घेतला. वंदनाची मान खाली होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. त्या क्षणी मला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. मला इतकंच कळलं की हे माझ्या हाताने झालं आहे आणि माझ्या चिठ्ठ्या बिनचूक आहेत.

अण्णा शांतपणे म्हणाले, "चूक आमची आहे, बाई. चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. मुलगी नवीन आहे." मग त्यांनी मला हाक मारली. मी उठून गादीपाशी गेले. धाकटे मालकही एव्हाना वर येऊन जिन्याशी उभे होते. ह्या दोन साड्यांचे भाव त्यांनीच लावलेले होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सुधा, ह्याची त्याला लागली ना?"

मला चांगलं आठवतं, मला राग आला. मी शाळेत कधी शुद्धलेखनात गुण घालवले नव्हते. अकरा दिवसांत एक चिठ्ठी चुकली नव्हती. आणि माझे वडील मला नऊ परक्या माणसांसमोर, मालकांसमोर, वेंधळी ठरवत होते. जगतापांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढं त्यांनी केलं नसतं तर मी काय बोलले असते कोण जाणे. मी म्हणाले, "हो. माझी चूक झाली."

धाकटे मालक पुढे आले. मला वाटलं, आता ते खरं सांगतील. पण ते हसले आणि म्हणाले, चूक दुकानाची तर तोटाही दुकानाचा, चिठ्ठीवर जो भाव लागलाय त्यालाच साडी मिळेल. मामा खूश झाले. भारी साडी पडत्या भावात मिळाली म्हणून त्यांनी जगतापांच्या पाठीवर थाप मारली. कदमबाईंनी साडीवरून एकदा हात फिरवला, चष्मा उतरवला, आणि आपल्याकडची खरेदी उद्या करू म्हणून उठल्या. सगळे गेल्यावर मालकांचं हसू गेलं. ते अण्णांना म्हणाले की आजचं मी सांभाळून घेतलं, पण हे जुने खेळ आता बंद. यापुढे एकाही साडीची चिठ्ठी निघालेली दिसली तर तुम्ही आणि तुमची मुलगी, दोघांनीही घरी बसायचं.

संध्याकाळी आईने वरणफळं केली होती. अण्णा जेवले, मी ताट पुढे ढकलून बसले. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न विचारता माझ्या ताटात तूप वाढलं. शेवटी मीच म्हणाले की माझी काहीही चूक नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं. अण्णांनी हात धुतले, पुसले.

"चूक नव्हती," ते म्हणाले. "अक्षरही चांगलं होतं."

"मग मला का पुढे केलंत?"

"त्या माणसाने माझ्याकडे पाणी मागितलं होतं, सुधा."

मग त्यांनी मला ती रीत सांगितली, जी मी वर तुम्हाला सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले की माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता, पण तुला विचारायला हवं होतं. अण्णांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तरीही माझा राग गेला नाही. वीस-बावीसच्या वयात माणसाला आपल्या बिनचूकपणाचं फार असतं. मला अजूनही थोडं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानाचं दार उघडलं आणि कदमबाई एकट्याच जिना चढून वर आल्या. अण्णा गादी झटकत होते. बाई त्यांच्याकडे न जाता सरळ माझ्या टेबलापाशी आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. वंदनाचं लग्न त्या टेबलावर येऊन बसलं होतं आणि मला त्याच्याशी एकटीने बोलायचं होतं.

"काल तुझी चूक झाली म्हणालीस."

मी हो म्हणाले.

"सगळ्या चिठ्ठ्या तूच लिहितेस? अक्षर तुझंच?"

"हो, बाई."

"पंचवीस वर्षं वह्या तपासते आहे मी. वेंधळ्या मुलीचं अक्षर असं नसतं."

खरं सांगितलं तर जगताप बुडणार होते. पुन्हा खोटं बोलायला जीभ उचलत नव्हती. अण्णांच्या हातातली झटकणी थांबली होती. बाईंनी पर्स उघडून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागल्या.

"राहू दे, सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "अकराला सगळे येतील. सुनेचा शालू आमच्याकडून आहे. आमच्या ह्यांना हौस आहे, मुलगा अमेरिकेला जाणार म्हणून ते आकाशातला आकडा निवडणार. शालू खुशाल भारीतले काढा. पण त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या आधी काढून ठेव."

मी म्हणाले की चिठ्ठी काढायला मालकांची मनाई आहे.

"कालही असेलच की. खोटं बोलायची." त्यांनी चष्मा लावला. "जगतापांना इंग्रजी येत नसेल, आकडे येतात. माझ्या साडीच्या शेजारी तो आकडा त्यांनी का वाचायचा?"

एवढं बोलून त्या खिडकीशी जाऊन रस्त्याकडे पाहत बसल्या. ती माया होती की मानी घरातली शिस्त, की कालच्या आपल्याच शब्दांची लाज, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. बाई पुढे कधी भेटल्या नाहीत, त्यामुळे ते तसंच राहिलं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते पुन्हा गादी झटकू लागले होते. आदल्या दिवशी मला विचारलं नव्हतं, म्हणून बहुधा आज ठरवायचं माझ्यावर सोडलं होतं. माझा पगार फार नव्हता, पण त्यांचा पगार म्हणजे आमचं घर होतं. मी कपाटातून शालू काढले, नऊ होते, आणि टेबलाच्या खणातून कात्री घेतली. पहिल्या शालूची गाठ मी इतकी पक्की मारली होती की कात्रीचं टोक शिरेना. जरीचा धागा तुटेल अशी भीती वाटत होती. तेव्हा अण्णा गादीवरून सरकत पुढे आले, त्यांनी दोन बोटांत पदर ताणून धरला, आणि मी दोरा कापला. मग पुढचा. नऊही शालू असे झाले. खाली लक्ष्मी रस्त्यावर रिक्षांचे भोंगे सुरू झाले होते.

अकराला सगळे आले. जगताप सर्वांत मागे, चोरासारखे. अण्णांनी शालू उलगडले आणि पुन्हा ते बोलणं सुरू झालं, रंगाबद्दल, बुट्टीबद्दल, विणणाऱ्याच्या हाताबद्दल. वंदनाने डाळिंबी शालू निवडला. जगतापांनी पुढे वाकून पदर हातात घेतला, उलटा केला, त्याचं टोक पाहिलं. तिथे काही नव्हतं. "लई छान हाय," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही मला दिलेल्या साडीला शोभेल असा पाहिला," कदमबाई म्हणाल्या. "जोडीने नेसायच्या आहेत आम्हाला."

जगतापांची बायको डोळ्याला पदर लावून खिडकीकडे वळली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धाकटे मालक वर आले, हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, आणि त्यांची नजर गादीवरच्या उघड्या शालूंवरून एकेक करत फिरली. मग ती माझ्या टेबलावर आली. लाल पुठ्ठ्यांचा ढीग तिथे नीट रचलेला होता. अस्ताव्यस्त ठेवणं मला तेव्हाही जमलं नाही. कात्री अजून माझ्या हातात होती. त्यांनी माझ्या दिशेने पाऊल टाकलं.

बस्ता चालू असताना अण्णा गादीवरून उठलेले मी कधी पाहिले नव्हते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, मालक आणि मी यांच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि मागे हात करून त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"चिठ्ठ्या मी काढल्यात," ते म्हणाले. "काय बोलायचं ते खाली बोलू. वर गिऱ्हाईक बसलंय."